छोट्या यंत्राची मोठी वचनं



आजचं व्याख्यान डेनिस रिची यांच्या स्मृतीला वाहिलेलं आहे. रिची ऑक्टोबर २०११ मध्ये गेले. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सी ही भाषा घडवली. आज वॉशिंग मशीन, वायफायचा राउटर, मोटारीचं ब्रेक नियंत्रण, रुग्णालयातला इन्फ्युजन पंप अशा असंख्य वस्तूंच्या पोटात सीमध्ये लिहिलेले प्रोग्राम चालतात. त्या वस्तूंना पडदा नसतो, कीबोर्ड नसतो, बऱ्याचदा डिस्कही नसते. तरीही त्यांच्या आत सीची प्रमाण लायब्ररी असते. ती तिथे कशी पोहोचते, आणि पोहोचवताना काय बिघडतं, हा आजचा विषय.

या कामाला पोर्टिंग म्हणतात. नाव ऐकून वाटतं, सामान एका जागेवरून उचलायचं आणि दुसऱ्या जागी ठेवायचं. फायली आणायच्या, कंपाइल करायच्या, झालं! एवढंच असतं तर त्यावर तासभर बोलण्याची गरज नव्हती. लायब्ररीतलं प्रत्येक फंक्शन हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला दिलेलं एक वचन असतं, आणि ते वचन ऑपरेटिंग सिस्टिमच्या जिवावर दिलेलं असतं. खालची सिस्टिम बदलली की कुठलं वचन पाळता येतं आणि कुठलं येत नाही, हे एकेक करून ठरवावं लागतं. पोर्टिंगचा खरा घाम तिथे गळतो. जे जमत नाही त्याला स्पष्ट नकार देणारी लायब्ररी भरवशाची. सगळ्यालाच हो म्हणणारी लायब्ररी धोक्याची.

पहिला मुद्दा उगमाचा.

सी भाषेत छापण्याची सोय नाही. हे वाक्य ऐकून अनेकांना धक्का बसेल. आपल्याकडे सीचा पहिला धडाच प्रिंटएफने सुरू होतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ घेऊन ज्या पिढ्या शिकल्या, त्यांना हे फंक्शन भाषेचाच भाग वाटत आलं. त्यातून महाविद्यालयांत टर्बो सी. पडदा पुसणारं क्लिअरस्क्रीन आणि कळ दाबेपर्यंत थांबणारं गेटसीएच ही तर प्रमाण लायब्ररीतलीही नव्हेत, ती टर्बो सीसारख्या कंपायलरांची देणगी. पण हजारो मुलांनी ती सी म्हणूनच पाठ केली. भाषा कुठे संपते, लायब्ररी कुठे सुरू होते आणि ऑपरेटिंग सिस्टिम कुठे लागते, या सीमारेषा कुणी दाखवल्याच नाहीत. वस्तूंच्या पोटातल्या, म्हणजे एम्बेडेड, कामात पहिल्याच आठवड्यात त्या रेषा समोर येतात.

इतिहास पाहिला तर रेषा स्वच्छ दिसतात. बेल लॅब्जमध्येच माइक लेस्क यांनी वाचन-लेखनाची एक वेगळी फंक्शनमाला लिहिली. हेतू हा की सीमधला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेता यावा. तिच्यातूनच पुढे आजची प्रमाण इनपुट-आउटपुट लायब्ररी घडली. म्हणजे लायब्ररीचा जन्मच पोर्टिंगच्या गरजेतून झाला. १९८९ मध्ये अमेरिकेत सीचं प्रमाणीकरण झालं तेव्हा समितीने पंधरा हेडर फायली ठरवल्या, आणि एक फार शहाणपणाची गोष्ट केली. अंमलबजावणीचे दोन प्रकार मानले. एक, खाली ऑपरेटिंग सिस्टिम असलेला. दुसरा, कुणाचाही आधार नसलेला. आधार नसलेल्या प्रकाराला पंधरापैकी फक्त चार हेडर सक्तीचे. त्या चारांत छापणं नाही, फाइल नाही, मेमरी मागणं नाही, घड्याळ नाही. आहेत त्या केवळ मोजमापांच्या मर्यादा आणि काही व्याख्या. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून खोटं वचन घ्यायचं नाही, हे प्रमाणातच लिहिलेलं आहे.

आता एक गंमत पाहा. १९७१ च्या सुमारास युनिक्स ज्या पीडीपी-११ वर चालत होतं, त्याची मुख्य मेमरी होती २४ किलोबाइट. आज विद्यार्थी हौसेने विकत घेतात त्या एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलरच्या लोकप्रिय रूपात २० किलोबाइट रॅम असते. जवळजवळ तेवढीच! मग सीची लायब्ररी त्यात सहज का मावत नाही? कारण मधल्या काळात लायब्ररी मोठ्या घरात राहून आली. शेकडो पानांच्या पंगतीची सवय झालेला आचारी एका खोलीच्या बिऱ्हाडात आला की पहिल्यांदा मोठं पातेलं मागतो. लायब्ररीही तसंच मागते.

दुसरा मुद्दा अगदी जवळून पाहू. एकच ओळ घेऊ: प्रिंटएफने ‘नमस्कार’ छापा.

लायब्ररी घेऊ न्यूलिब. सिग्नस नावाच्या अमेरिकी कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी ती जुळवली. आर्म प्रोसेसरांच्या जीएनयू कंपायलरसोबत ती येते, आणि अवकाशयानांत वापरली जाणारी आरटीईएमएस ही सिस्टिमही तिच्यावरच उभी आहे. न्यूलिबची रचना सुरेख आहे. वरचं सगळं काम ती करते आणि खाली जेमतेम दीड डझन छोटी फंक्शनं पोर्ट करणाऱ्यासाठी मोकळी सोडते: राइट, रीड, ओपन, क्लोज, एफस्टॅट, इझटीटीवाय, एसब्रेक, फोर्क, एक्झिट वगैरे. यांना स्टब म्हणतात. ही भरली की पोर्टिंग झालं, असं सांगितलं जातं.

‘नमस्कार’ची अक्षरं राइटपर्यंत पोहोचतात कशी? प्रिंटएफ ती लगेच बाहेर पाठवत नाही, बफरमध्ये साठवते. पहिल्या हाकेला बफर अस्तित्वातच नसतो, तो तयार करायचा असतो. किती मोठा? कसा? हे ठरवण्यासाठी लायब्ररी एफस्टॅटला विचारते: समोर फाइल आहे की अक्षरं घेणारं उपकरण? उपकरण असेल तर इझटीटीवायला विचारते: हे टर्मिनल आहे का? टर्मिनल असेल तर ओळ संपली की बफर रिकामा होतो. नसेल तर बफर पूर्ण भरेपर्यंत थांबायचं.

बहुतेक जण हे दोन स्टब भरतच नाहीत. छापण्याशी त्यांचा काय संबंध, असं वाटतं. लिंकरची तक्रार गप्प करण्यासाठी साच्यातले रिकामे स्टब जोडले जातात. त्यांतला एक चूक कळवतो, दुसरा शून्य देतो. लायब्ररी समजते की समोर फाइल आहे, आणि १०२४ बाइट जमेपर्यंत एक अक्षरही बाहेर सोडत नाही. प्रोग्राम तर अखंड फेऱ्यांत फिरतोय, संपणार कधीच नाही. टर्मिनल कोरं. मग वायर तपासली जाते, वेग तपासला जातो, बोर्ड बदलला जातो. दोष कुठे आहे? छापण्याशी संबंध नाही असं वाटलेल्या त्या रिकाम्या स्टबांत.

पुढे चला. हा बफर येतो कुठून? मॅलॉककडून. मॅलॉक मेमरी मागते एसब्रेककडे. म्हणजे एक शब्द छापायला मेमरी वाटपाची सगळी यंत्रणा जागी होते, आणि वीस किलोबाइटांतला एक बफरलाच जातो. इथे न्यूलिबचं कौतुक केलं पाहिजे. मेमरी मिळाली नाही तर ती कोसळत नाही, बफराविना एकेक अक्षर पाठवते. हा लिहिणाऱ्यांचा विचार.

शेवटी अक्षर राइटकडे येतं. तिथे पोर्ट करणारा साधारणपणे सिरियल पोर्ट मोकळा होण्याची वाट पाहतो आणि एकेक बाइट रजिस्टरमध्ये ठेवतो. १,१५,२०० बॉडच्या वेगाला सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. ऐंशी अक्षरांच्या ओळीला सुमारे सात मिलिसेकंद. संगणकावर ही वेळ जाणवणारही नाही. पण जे टास्क दर मिलिसेकंदाला मोटरचा प्रवाह तपासतं, त्याने एक ओळ छापली तर त्याच्या सात पाळ्या चुकल्या. प्रमाणात प्रिंटएफच्या वेळेबद्दल एक अक्षर नाही. एम्बेडेड सिस्टिममध्ये सगळा प्रश्नच वेळेचा आहे.

आणि दशांश संख्या छापायची असेल तर? मग आणखी मजल आहे. न्यूलिबमध्ये दशांशाचं रूपांतर करणारा भाग पुन्हा मॅलॉकला हाक मारतो. शिवाय आर्मच्या नियमानुसार स्टॅक आठ बाइटांच्या सीमेवर असावा लागतो. ऑपरेटिंग सिस्टिमने एखाद्या टास्कचा स्टॅक चारच्या सीमेवर दिला तर पूर्णांक बरोबर छापले जातात आणि दशांश मात्र भलतेच येतात. दोष गणितात शोधला जातो. तो असतो टास्क तयार करणाऱ्या कोडमध्ये.

मेमकॉपीचं उदाहरण याहून साधं, पण विलक्षण आहे. लायब्ररी नको म्हणून कुणी स्वतःच मेमकॉपी लिहायला घेतं: एक लूप, एकेक बाइट इकडून तिकडे. जीसीसी कंपायलर तो लूप पाहतो, ओळखतो की ही तर मेमकॉपीच, आणि सुधारणा म्हणून लूपच्या जागी मेमकॉपीला हाक घालतो. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं आणि स्टॅक संपतो! ही सुधारणा बंद करणारे पर्याय कंपायलरला द्यावे लागतात. आधार नसलेल्या यंत्रावरही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शनं हजर असतील, हे जीसीसी गृहीत धरतो आणि तसं आपल्या माहितीपुस्तिकेत लिहूनही ठेवतो. ते पान वाचणारे थोडे.

तिसरा मुद्दा: एकाहून अधिक टास्क.

सी घडली तेव्हा एका प्रोग्राममध्ये एकच धागा चालायचा. चूक झाली की तिचा क्रमांक एररनो नावाच्या एका सार्वजनिक जागी ठेवायचा. मजकुराचे तुकडे करणारं स्ट्रटॉक आपण कुठवर आलो ते स्वतःच्याच एका जागी लक्षात ठेवायचं. एकटा माणूस घरात राहत असेल तर यात काहीच वावगं नाही. पण दोन टास्क एकाच वेळी स्ट्रटॉक वापरू लागली तर? पहिल्याचं वाक्य तुटता तुटता दुसऱ्याच्या वाक्यात शिरतं. युनिक्सच्या जगाने १९९५ मध्ये पॉझिक्सच्या थ्रेड प्रमाणातून यावर उत्तर काढलं. अशा फंक्शनांची नवी रूपं आली, ज्यांत आठवण ठेवण्याची जागा हाक मारणाराच देतो.

न्यूलिबने प्रत्येक टास्कला स्वतंत्र खातं देण्याची सोय ठेवली. त्या खात्यात त्याचा एररनो, त्याचं स्ट्रटॉकचं ठिकाण, त्याच्या आउटपुटची नोंद. टास्क बदललं की खात्याकडे बोट दाखवणारा पॉइंटरही बदलायचा. पण तो बदलणार कोण? कर्नल. आणि कर्नलला हे सांगणार कोण? पोर्ट करणारा. फ्रीआरटीओएस या सिस्टिममध्ये यासाठी एक स्विच आहे. तो आपण होऊन चालू नसतो.

त्याहून घातक प्रकरण मॅलॉकच्या कुलपाचं. मेमरी वाटप चालू असताना दुसऱ्या टास्कने मध्ये शिरू नये म्हणून न्यूलिब एक कुलूप लावते आणि काढते. ही दोन्ही फंक्शनं पोर्ट करणाऱ्याने लिहायची. लिहिली नाहीत तर? लिंकर कुरकुरत नाही, बिल्ड हिरवा होतो, चाचण्या पास होतात. कारण कुलपाच्या जागी रिकामी फंक्शनं हजर असतात. ती बोलावली जातात आणि काहीही न करता परततात. मग कधीतरी, तीन आठवड्यांनी, ग्राहकाच्या कारखान्यात, नेमक्या चार सूचनांच्या अंतरात टास्क बदलतं आणि मेमरीची साखळी तुटते. यंत्र बंद पडतं. पुन्हा सुरू केलं की छान चालतं. अशा दोषाचा माग काढणं किती जिवावर येतं, ते या क्षेत्रात काम करणाऱ्यांनाच विचारा.

एसब्रेकचीही अशीच कथा. माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यात एक साधी तपासणी असते: हीप, म्हणजे मॅलॉक वाटते ती मेमरी, वर वाढत जाऊन स्टॅक पॉइंटरला भिडली तर थांबा. एकच स्टॅक असलेल्या प्रोग्रामला हे अचूक लागू पडतं. पण टास्क असलेल्या सिस्टिममध्ये प्रत्येकाचा स्टॅक वेगळा, आणि पुष्कळदा तो हीपच्या खालच्या पत्त्यावर असतो. मग मेमरी मुबलक असूनही तपासणी ओरडते की टक्कर झाली. नमुना चूक नव्हता. नमुन्यामागचं गृहीतक नव्या घरात खरं राहिलं नाही, आणि उतरवून घेणाऱ्याने ते तपासलं नाही.

अशा न तपासलेल्या गृहीतकाची सर्वांत नावाजलेली गोष्ट पृथ्वीवर घडली नाही. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं. त्याच्या संगणकावर व्हीएक्सवर्क्स ही एम्बेडेड सिस्टिम होती. काही दिवसांनी, हवामानाची माहिती गोळा करण्याचं काम सुरू झाल्यावर, यान अधूनमधून स्वतःला रीसेट करू लागलं. हवामानाचं टास्क कमी प्राधान्याचं. ते सिलेक्ट या फंक्शनला हाक मारायचं. सिलेक्ट हे प्रमाण सीमधलं नव्हे. ते १९८३ च्या बर्कली युनिक्समधून आलेलं. व्हीएक्सवर्क्समध्ये ते आणताना आत एक कुलूप ठेवलेलं होतं, जे वापरणाऱ्याला दिसत नव्हतं. हवामानाचं टास्क ते कुलूप हातात धरून असताना मधल्या प्राधान्याची कामं पुढे घुसायची. मग बसवरच्या, म्हणजे यानाच्या भागांना जोडणाऱ्या वाहिनीवरच्या, माहितीचं वाटप करणारं उच्च प्राधान्याचं टास्क त्याच कुलपापाशी अडकायचं. ही बस सेकंदाला आठ फेऱ्यांच्या तालावर चालायची. पुढच्या फेरीला आधीचं काम अपुरं दिसलं की यान रीसेट.

उपाय माहीत होता. कुलूप धरणाऱ्याला, ज्याला अडवलंय त्याचं प्राधान्य तात्पुरतं देणं. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती, फक्त सिलेक्टच्या आतल्या कुलपाला ती लावलेली नव्हती. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेतल्या प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवून आणला, बदलाचे परिणाम तपासले आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. शोध लागू शकला तो यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये घटनांची नोंद ठेवण्याची सोय काढून न टाकता ठेवली होती म्हणून. सिलेक्टने उत्तर प्रत्येक वेळी बरोबरच दिलं, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. चुकलं ते वेळेचं वचन, जे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मनात धरलं होतं आणि लायब्ररीने कधी दिलंच नव्हतं.

मग नकार कसा द्यावा? याचेही चांगले नमुने आहेत. ज्या प्रोसेसरात पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग नसतो, त्याच्यावर फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रामची प्रत काढणं, जमत नाही. यूसीलिनक्सने अशा यंत्रांवर फोर्कचं सोंग आणलं नाही, व्हीफोर्क देऊन मर्यादा उघड केली. ब्रिटनच्या वाहन उद्योगाने १९९८ मध्ये काढलेल्या मिस्रा नियमांनी मॅलॉकचा वापरच बंद केला. पुण्यात मोटारींच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना हा नियम रोजचा आहे. कीथ पॅकर्ड यांनी न्यूलिब आणि एव्हीआर लिबसी यांतून पिकोलिबसी उभी केली. तिच्या छोट्या छपाई-संचात फाइल म्हणजे एक अक्षर घेणारं आणि एक अक्षर देणारं फंक्शन, त्यापलीकडे फारसं काही नाही. छापायला बफर लागत नाही, म्हणून मॅलॉकही लागत नाही. झेफिर या सिस्टिमने गेल्या काही वर्षांत तीच पसंत केली. लायब्ररीने यंत्राच्या मापाने बोलायला शिकणं, असं याचं वर्णन करता येईल.

आणि एक्झिट? इन्फ्युजन पंपातला प्रोग्राम ‘संपला’ म्हणजे काय व्हायचं? नमुना कोडमध्ये तिथे रिकामा अखंड लूप असतो. सुई रुग्णाच्या हातात आणि यंत्र गप्प फिरतंय. त्या एका ओळीत काय लिहायचं हा निर्णय लायब्ररी घेऊ शकत नाही. तो वैद्यकीय, यांत्रिक आणि माणुसकीचा निर्णय आहे, आणि तो घेतल्याची नोंद हवी.

शेवटी दोघांना एकेक विनंती.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी सीच्या अभ्यासक्रमात एक प्रात्यक्षिक घालावं. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या स्वस्त बोर्डवर विद्यार्थ्याने हे दीड डझन स्टब स्वतः भरायचे, आणि प्रत्येकासमोर लिहायचं की हे फंक्शन खरं सांगतं की वेळ मारून नेतं.

दुसरी विनंती उद्योगात काम करणाऱ्यांना. वीजमीटर, पाण्याच्या पंपाचे नियंत्रक, लिफ्टचे पॅनेल ही यंत्रं पंधरा-वीस वर्षं जागची हलत नाहीत. त्यांच्या लायब्ररीत काळ मोजणारा प्रकार बत्तीस बिटांचा आणि चिन्हासह असेल, तर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर त्यांचं घड्याळ उलटून १९०१ सालच्या डिसेंबरात जाईल. मसल या लायब्ररीने २०२० मध्ये बत्तीस बिटांच्या प्रोसेसरांवरही हा प्रकार चौसष्ट बिटांचा केला. आपण जे यंत्र आज बाजारात पाठवत आहात, त्यात तो किती बिटांचा आहे, हे उद्या कामावर गेल्यावर कृपया तपासून पाहा.